कॅमेरा कुणाच्या बाजूने?

सध्या रात्री जेवण झालं की एक थ्रिलर, असा नेमच झालाय. त्यातल्या तिघांबद्दल लिहितोय. स्पॉइलर आहेत, आधीच सांगतो.

निशिकांत कामतचा 'दृश्यम' (२०१५) पुन्हा पाहिला. सगळं माहीत असूनही धाकधूक होतेच. गायतोंडे साळगावकरच्या घरच्यांना मारतो, लहान अनूलाही सोडत नाही, तेव्हा त्याची चीड येते. पण गंमत अशी, की गायतोंडेचा संशय बरोबर असतो! मुलगा याच घरच्यांच्या हातून मेलाय, पुरलाही यांनीच. तरी आपण यांच्याच बाजूने.

मग 'सिंबा' (२०१८). इथे पोलीस स्टेशनातच आरोपींना गोळ्या घालतात आणि शिट्ट्या पडतात. गुन्हा यांनीच केलाय हे आपल्याला दिग्दर्शकाने आधीच सांगून ठेवलेलं असतं. त्यामुळे कोर्टाची गरज आपल्याला वाटतच नाही.

तिसरा, 'पॅरासाइट'वाल्या बाँग जून-होचा 'मेमरीज ऑफ मर्डर' (२००३). माझ्या मते तिघांत हाच सरस. कोरियातल्या ह्वासाँग भागात १९८६ ते १९९१ मध्ये झालेल्या खऱ्या खूनसत्रावरचा. यातले पोलीस संशयिताला लाथा घालतात, त्याच्या बुटाचा खोटा ठसा उमटवतात, मग त्याच्याच सोबत नूडल्स खात टीव्हीवर पोलिसांची मालिका बघतात. हसू येतं, आणि घशात अडकतं. कारण इथे खरा कोण, हे दिग्दर्शकालाही माहीत नव्हतं.

ते कळलं २०१९ मध्ये. दुसऱ्याच खुनासाठी जन्मठेप भोगणाऱ्या एकाशी डीएनए जुळला आणि त्याने कबुली दिली. त्यातल्या एका खुनासाठी भलत्याच माणसाने २० वर्षं तुरुंगात काढली होती. पोलिओने पाय अधू झालेला साधा तरुण, मारहाण करून घेतलेला जबाब. डिसेंबर २०२० मध्ये कोर्टाने त्याला निर्दोष ठरवलं. २००३ मध्ये लोक थिएटरात हा सिनेमा बघत होते, तेव्हा तो आतच होता.

हे वाचल्यापासून पडद्यावर कुणाला तुडवायला लागले की मी स्वतःला एकच विचारतो: हा गुन्हेगार आहे हे मला कुणी सांगितलं? सिनेमात दिग्दर्शक सांगतो. खऱ्या चौकीत तसं सांगणारा कुणीच नसतो, मार मात्र खरा असतो.