शिवाजी पेठ : तालमीची माती आणि श्वासाचा हिशेब

अंबाबाईचे दर्शन घेऊन बहुतेक प्रवासी कोल्हापुरातून परततात. वाचकहो, आपणांस सवड असेल तर एक सकाळ शिवाजी पेठेसाठी राखून ठेवावी. निवृत्ती चौकातील शिवछत्रपतींच्या अर्धपुतळ्यापासून सावकाश रंकाळ्याकडे निघावे. चालताना थोडी धाप लागेल. ही धाप कशाची, हे समजून घेण्यास तालमींच्या या पेठेइतकी सोयीची जागा नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे केले आणि कोल्हापुरात तालमींची परंपरा बहरली. पेठेतील खंडोबा तालमीचे नाव आज फुटबॉलमुळेही घरोघरी पोहोचले आहे. चेंडूमागे जिवाच्या आकांताने धावणारा खेळाडू आणि रंकाळ्याकाठी संथ चालणारे आजोबा या दोघांनी भाकरीच खाल्लेली असते. तिच्यातून शक्ती काढण्याची त्यांची रीत मात्र काहीशी निराळी असते.

भाकरीतील पिष्टाचे पचनानंतर ग्लुकोज होते आणि रक्तावाटे ते पेशींत पोहोचते. पेशींतील मायटोकॉन्ड्रिया नावाचे सूक्ष्म घटक प्राणवायूच्या साहाय्याने त्याचे पूर्ण विघटन करतात. यास पेशीश्वसन म्हणतात. ग्लुकोजच्या एका रेणूपासून असे सुमारे तीस एटीपी, म्हणजे शक्तीची सुटी नाणी, हाती येतात. शेवटी उरतात पाणी आणि उच्छ्वासावाटे जाणारा कर्बवायू. जोराने धावताना शक्तीची निकड एवढी वाढते, की हा मार्ग एकटा पुरा पडत नाही. मग स्नायू प्राणवायूवाचूनचा झटपट मार्गही धरतात. त्यात एका रेणूमागे दोनच एटीपी मिळतात आणि लॅक्टेट तयार होते. ते वाया जात नाही. हृदय त्याचे इंधन करते आणि यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज घडविते.

हीच रीत आपल्या दह्याच्या भांड्यातही चालते. शेजारच्या गंगावेशीत दूधकट्ट्यावर ग्राहकासमोर म्हशीची धार काढून देतात. त्या दुधास तापवून, कोमट करून विरजण लावले, की जिवाणू दुग्धशर्करेचे लॅक्टिक आम्ल करतात. हे किण्वन होय. लाल मातीच्या हौदात हळद, तेल आणि लिंबाबरोबर ताकही मुरवितात. म्हणजे किण्वनाचे फळ मल्लाच्या पायाखालीही असते. दह्यात दुग्धशर्करा काहीशी कमी झालेली असल्याने, दूध न सोसणाऱ्या अनेक वृद्धांना दही-ताक सोसते. रक्तदाब असल्यास ताकात मीठ मात्र बेताने घालावे.

वय वाढते तसे स्नायू रोडावतात आणि मायटोकॉन्ड्रियांची कार्यक्षमता घटते. म्हणूनच पूर्वी सहज चढलेला जिना आता धाप लावतो. परंतु नियमित चालण्याने त्यांचे काम उतारवयातही सुधारते. बसून राहिल्याने मात्र ते आणखी मंदावते. घरातील मंडळींनी हे ध्यानी घ्यावे. ‘तुम्ही बसा, आम्ही आणून देतो’ यात माया असते. पण रोजची हालचालच खुंटली, तर त्या मायेने वृद्धांचे बळ ओसरते. पाण्याचा तांब्या त्यांना स्वतः उठून घेऊ द्यावा. आपण हाताशी असावे.

किती वेगाने चालावे? सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. वाक्य तुटू लागले, की थांबून विसावावे. रंकाळ्याची पूर्ण फेरी होण्याची घाई नको. प्रकृतीस मानवेल तेवढेच अंतर चालून हळूहळू वाढवावे. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठण्या-बसण्याचा सराव, कोणी जवळ असताना, जरूर करावा.

मात्र छातीत दुखले, चक्कर आली किंवा बसल्याजागी धाप लागली, तर तो वयाचा दोष मानून गप्प राहू नये. तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच चालण्याचा नेम धरावा.