मुठीतल्या गोट्या

‘घेण्यासारखा आहे का हो तो खेळ?’ असे कोणी विचारले की मी अजूनही गडबडतो. परवा शेजारच्या गृहस्थांनी विचारले. त्यांचा मुलगा दिवाळीला अमेरिकेतून यायचा आहे आणि ‘मुलांसाठी काय आणू?’ असा त्याचा फोन आला आहे. या विषयातला मी माहीतगार समजला जातो, कारण २०१७ सालची दिवाळी आम्ही उभयतांनी न्यू जर्सीत मुलाकडे घालवली आणि असला एक खेळ माझ्या डोळ्यांदेखत त्या घरात आला. खरे म्हणजे माझ्या विरोधाला न जुमानता आला.

खेळाचे नाव ‘वन-टू-स्विच’. निन्टेंडो कंपनीचे ‘स्विच’ नावाचे यंत्र त्याच वर्षी मार्चमध्ये निघाले होते आणि हा खेळ त्याच्याच बरोबर बाजारात आला होता. यंत्राच्या दोन्ही कडांना दोन चिमुकले तुकडे असतात. ते सुटे करून एकेकाने एकेक मुठीत धरायचा. हात कसा हलला, किती कलला, हे त्या तुकड्याला कळते म्हणे. अशा अठ्ठावीस गमती त्या एका खेळात होत्या. कुठे तलवार अडवायची, कुठे पिस्तूल उपसायचे, कुठे तिजोरीचे कुलूप चाचपून उघडायचे. आणि किंमत पन्नास डॉलर!

मी मनातल्या मनात गुणाकार केला. सव्वातीन हजार रुपये झाले. परदेशात गेलेल्या पेन्शनराला दुसरे काम नसते. तो दिवसभर गुणाकार करीत असतो.

‘अरे, एवढ्या पैशांत पत्त्यांचे पन्नास जोड येतील,’ मी म्हणालो.

‘बाबा, ही कंपनी मुळात पत्त्यांचीच आहे,’ चिरंजीव हसून म्हणाले. ते खरे निघाले. १८८९ साली जपानात क्योतो शहरी फुलांच्या चित्रांचे पत्ते तयार करण्यापासून या मंडळींनी सुरुवात केली होती. पण किमतीबद्दल चिरंजीवांचीही कुरकुर होतीच. २००६ साली याच कंपनीचे ‘वी’ नावाचे यंत्र आले, तेव्हा अमेरिकेत त्याच्याबरोबर टेनिस, बोलिंग वगैरे खेळांची तबकडी वेगळे पैसे न घेता मिळत होती. लोक तेव्हा इतक्या आवेशाने हात फिरवीत की हातातले यंत्र निसटून भलतीकडेच जाई. अखेर त्याच डिसेंबरात कंपनीने सुमारे ३२ लाख मनगटपट्ट्या बदलून द्यायची तयारी दाखवली. हे ऐकल्यावर मी सूनबाईंच्या काचेच्या कपाटाकडे पाहिले आणि माझा विरोध अधिकच पक्का झाला.

पत्त्यांची आठवण मी उगाच काढली नव्हती. दिवाळीच्या रात्री आमच्या घरी पत्त्यांचा फड बसायचा आणि त्या फडाची राणी आमची ही. बदामसात असो की मेंढीकोट, कोणाच्या हातात काय उरले आहे हे तिला तोंडपाठ असे. पुढे काचबिंदूने तिची दृष्टी हळूहळू गेली. एके वर्षी तिने पत्ते हाती घेतले, डोळ्यांजवळ नेले, लांब धरले आणि ‘मला जरा चकल्या बघायच्या आहेत’ म्हणून उठली. चकल्या केव्हाच तळून झाल्या होत्या. त्यानंतर ती फडात बसली नाही. शेजारच्या खोलीतून आमचे हसणे ऐकत असे. मग आम्हीच हळू हसू लागलो आणि पुढे फडही बसेनासा झाला.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी खेळाची पेटी उघडली. पहिला मान गाईचे दूध काढण्याच्या खेळाला मिळाला. तो तुकडा उभा धरून वरचे बटण, मग खालचे बटण अशी बोटे दाबीत हात खाली आणायचा. पेला कोणाचे जास्त भरतात ते पाहायचे. सूनबाई म्हणाल्या, ‘आई, तुम्ही माहेरी म्हशी पिळत होता ना? या ना!’ हिने बरेच आढेवेढे घेतले आणि सोफ्याच्या कडेला येऊन बसली.

या खेळाचा एक नियम आहे. पडद्याकडे बघायचे नाही. खेळणाऱ्या दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघायचे. दहा वर्षांचा नातू समोर उभा राहिला आणि उत्साहाने ओरडला, ‘आजी, माझ्याकडे बघ! नाहीतर चीटिंग!’

खोली एकदम गप्प झाली. पोराच्याही लक्षात आले आणि त्याचा चेहरा उतरला. ही मात्र शांतपणे म्हणाली, ‘बघते की. तू कुठे आहेस ते बोलत राहा म्हणजे झाले.’

तो बोलत राहिला आणि त्या आवाजाकडे तोंड करून हिने दूध काढले. सपशेल हरली! तिची मूठ राजापूरकडच्या म्हशींना सरावलेली, आणि यंत्राला हवी होती बटणे. ‘अशी ओढाताण केलीत तर जनावर लाथ घालील,’ एवढा अभिप्राय देऊन तिने तो तुकडा परत केला.

त्यानंतर गोट्यांचा खेळ लागला. आपल्या मुठीत एक डबी आहे आणि तिच्यात गोट्या आहेत असे समजायचे. तुकडा इकडेतिकडे कलवायचा आणि आत किती गोट्या आहेत ते सांगायचे. आत अर्थातच काही नसते. तुकडा अशा खुबीने थरथरतो की गोट्या घरंगळून कडेला आपटल्याचा भास व्हावा. मी तो हातात घेऊन पाहिला. मला नुसत्या मुंग्या आल्या. मी सात म्हणालो, चिरंजीव तीन म्हणाले.

हिने तो तळहातावर अलगद घेतला. बाजारात नारळ घेताना कानाशी नेऊन हलवीत असे तसा आधी हलवला, मग सावकाश एका बाजूला कलवला आणि थांबली. पुन्हा दुसऱ्या बाजूला. ‘पाच,’ ती म्हणाली.

पाचच होत्या.

पुढच्या डावाला नातू तिच्या विरुद्ध बसला आणि हरला. नात बसली, तीही हरली. रात्री साडेदहापर्यंत ती बाई सगळ्यांना हरवीत होती आणि मोठमोठ्याने हसत होती. तिचे ते हसणे मी कित्येक वर्षांत ऐकले नव्हते.

शेजाऱ्यांना मी जे सांगितले ते असे. घरात दोनच मुले असतील तर घेऊ नका. अठ्ठावीसपैकी दहा-बारा खेळ एकदा खेळून विसरण्यासारखे आहेत. आमची नातवंडे भाऊबीजेच्या आत कंटाळून मोटारींच्या शर्यतीकडे वळली. पाहुणे जमणार असतील, निदान सहा-सात माणसे असतील, तर एका संध्याकाळीची करमणूक नक्की होईल. पन्नास डॉलर त्याला जास्तच आहेत. कोणाचा जुना मिळाला तर पाहा. शेजाऱ्यांनी मान डोलावली आणि ते गेले. बाकीचे मी त्यांना सांगितले नाही.

नरक चतुर्दशीच्या पहाटे मला जाग आली तेव्हा बिछान्यात ही नव्हती. बाहेरच्या खोलीत अंधारात एकटी बसली होती. तो तुकडा तळहातावर घेऊन एकदा इकडे, एकदा तिकडे कलवीत होती.

‘रात्री होत्या,’ माझी चाहूल लागताच ती म्हणाली. ‘आता एकही लागत नाही हाताला.’

‘अगं, टीव्ही लावल्याशिवाय नसतात त्या.’

‘मग लावा की.’

मला कुठले यायला! तीन बटणे दाबून पाहिली, तेव्हा कुठलीशी बाई इंग्रजीत हवामान सांगू लागली. शेवटी वर जाऊन नातवाला हलवले. ‘अभ्यंगस्नान?’ त्याने झोपेतच विचारले.

‘नाही रे. आजी खेळायला बसली आहे,’ मी म्हणालो.

तो डोळे चोळीत जिना उतरू लागला. ‘आजी, मी आलो हं, इकडे आहे,’ असे तो वरच्या पायरीपासूनच बोलत होता.