वाफ की धूर?

मुलांनो, गेल्या रविवारी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. चौथीत माझ्या वर्गात होता, आता नववीत आहे. नाव सांगणार नाही, तसं त्याला कबूल केलंय. थोड्या गप्पा झाल्या आणि स्वारीनं खिशातून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. मला वाटलं, स्केचपेन! वासही आंब्याचा.

"बाई, हे व्हेप. ई-सिगारेट. यात धूर नसतो, नुसती वाफ. सिगारेटपेक्षा बरं ना?"

खरं सांगते, मला पटकन उत्तर देता आलं नाही. "वाईट असतं, फेकून दे," म्हणणं सोपं होतं. पण प्रश्न नीट विचारलेला होता.

माझं आजोळ सिन्नरचं. सिन्नर म्हणजे विड्यांचं गाव. आजी मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायची. तेंदूचं पान कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. आजोबा विड्या ओढायचे. पहाटे त्यांच्या खोकल्यानंच आम्हा भावंडांना जाग यायची. शेवटी शेवटी तर अंगणातून ओसरीपर्यंत येतानाही ते दोनदा थांबायचे. धूर काय करतो, हे मला पुस्तकात वाचावं लागलं नाही.

तंबाखू जळते तेव्हा डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि हजारो रसायनं निघतात. त्यातली ७० च्या आसपास कर्करोग घडवणारी. व्हेपमध्ये जळत काहीच नाही. बॅटरीवर तार तापते, तिच्यामुळे द्रव तापतो आणि त्याचे बारीक थेंब छातीत जातात. म्हणून ही विषं बरीच कमी. होय, कमी! ब्रिटनमध्ये सिगारेट सुटावी म्हणून मोठ्या माणसांना व्हेप सुचवतातही.

"झालं तर मग!" तो खुलला.

"थांब. तू सिगारेट ओढतोस?"

"नाही बाई, शप्पथ!"

"मग सिगारेटशी तुलना कशाला? तुझ्या छातीत आत्ता साधी हवा आहे. तिच्याशी कर."

'वाफ' हा शब्दच फसवा, बरं का! भाताच्या पातेल्यावरची वाफ म्हणजे पाणी. यात असतं प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाची रसायनं आणि बहुतेक वेळा निकोटिन. आजोबांना विडी सोडू न देणारं तेच हे निकोटिन! मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालते, त्यामुळे तुमच्या वयात त्याची सवय लवकर जडते. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेप ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांना अचानक गंभीर आजार झाला. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०० हून जास्त लोक रुग्णालयात गेले, ६८ दगावले. बहुतेकांच्या व्हेपमध्ये गांजातलं द्रव्य होतं आणि त्यात 'ई' जीवनसत्त्वापासून बनवलेलं एक तेल मिसळलेलं होतं. ओढणाऱ्याला ते कळणार कसं? आपल्याकडे तर सप्टेंबर २०१९ पासून व्हेप विकायलाच बंदी आहे. जे मिळतं ते चोरून, आत काय आहे ते कोण तपासणार?

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बाई, मी दोनदाच ओढून बघितलं. पण विचारत होतो बाबांसाठी. ते रोज एक पाकीट संपवतात. दादा म्हणाला, त्यांना हे दे."

आता मी गप्प झाले. मी आपली त्यालाच समजावत बसले होते! बाबांचा प्रश्न खरंच वेगळा. त्यांच्यासाठी धूर सुटणं सगळ्यात महत्त्वाचं. पण बंदीतला माल तपासल्याशिवाय त्यांच्या हाती कसा द्यायचा? डॉक्टरांच्या सल्ल्यानं निकोटिनचं च्युइंगगम घेता येतं. शिवाय तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी सरकारचा फुकट फोन आहे, १८००-११-२३५६. वहीच्या कागदावर मी नंबर लिहून दिला.

"मी सांगितलं तर बाबा रागावतील."

"रागावतील. तरी सांग. हवं तर मी येते सोबत."

कागद घेऊन तो गेला. ते स्केचपेन मात्र माझ्याच टेबलावर राहिलंय. आत बॅटरी आहे, तेव्हा घंटागाडीत ओल्यात टाकायचं की सुक्यात, हे उद्या गाडीवाल्या दादांनाच विचारीन म्हणते.