दुधनेच्या पाण्यावर शीड

बदनापूर तालुक्यातील सोमठाण्याच्या, दुधना नदीवरील जलाशयावर आज वारा उठलेला पाहताच, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या पीकॉक बेमध्ये छात्रदशेत पाण्यात लोटलेली ती चिमुकली एंटरप्राइज वर्गातील शिडाची होडी तीव्रतेने आठवली. नाळ वाऱ्याच्या तोंडाशी धरावी, शीड मोकळे फडफडू द्यावे, पुरेशा खोलीवर येताच मधली फळी खाली सोडावी आणि मगच दोर आवळावा, हा क्रम हातांत अद्याप शाबूत आहे. समोरून येणाऱ्या वाऱ्यावर थेट चाल करता येत नाही. सुमारे ४५ अंशांचा कोन राखून, डावीउजवीकडे आलटूनपालटून वळत, मुक्काम गाठावा लागतो. आमच्या अवर्षणप्रवण मुलखातील मुलांना, धरण भरेल त्या वर्षी तरी, ही विद्या लाभावी, अशी माझी उत्कट इच्छा आहे. शिडाला इंधन लागत नाही, तेव्हा पाण्यात तेलाचा थेंबही उतरणार नाही, एवढे त्यासाठी पाटबंधारे खात्याकडे करायच्या परवानगीच्या अर्जात प्रथम लिहीन.