केसाआडचा उजेड

दुसऱ्या वर्षाची मुलं प्रकाशशास्त्राच्या पहिल्या प्रॅक्टिकलला येतात तेव्हा मी त्यांना यंत्रांना हात लावू देत नाही. आधी स्वतःच्या डोक्याचा एक केस काढायचा, पुठ्ठ्याच्या चौकटीवर ताणून चिकटवायचा आणि लाल लेझरच्या झोतात उभा धरायचा. काळे पडदे ओढले की मुलं दोन मीटरवरच्या भिंतीवर केसाची सावली शोधू लागतात. सावली सापडत नाही. दिसते ती उजेडाची आडवी माळ. मधला ठिपका लांबट आणि सर्वांत तेजस्वी, त्याच्या दोन्ही अंगांना काळी जागा, मग फिकट ठिपका, पुन्हा काळी जागा. एकाच बाजूच्या लागोपाठच्या काळ्या जागांमधलं अंतर पट्टीने मोजलं की साधारण 18-19 मिलिमीटर भरतं. लेझरची तरंगलांबी 650 नॅनोमीटर. तिला दोन मीटरने गुणायचं, मोजलेल्या अंतराने भागायचं. उत्तर येतं 70 मायक्रॉनच्या आसपास, आणि ती असते केसाची जाडी. कंपासपेटीतल्या पट्टीने मुलांनी केस मोजलेला असतो.

व्हायवात मी विचारते, "विवर्तन म्हणजे काय?"

"मॅडम, अडथळ्याच्या कडेपाशी प्रकाश वळतो."

गुण देते, पण या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. ते ऐकलं की वाटतं, कड प्रकाशाला धरून वाकवते. कड तसं काहीच करत नाही. हायगेन्सने 1690 मध्ये छापलेल्या ग्रंथात म्हटलं होतं, की पुढे सरकणाऱ्या तरंगाचा प्रत्येक बिंदू स्वतःच एका नव्या तरंगाचा उगम असतो. म्हणजे पसरणं सतत चालूच आहे, मोकळ्या हवेतसुद्धा. आडवे निघालेले तरंग आपल्याला दिसत नाहीत, कारण एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यावर पडतो आणि दोघे विरतात. हा बेरीज-वजाबाकीचा हिशेब पुढे फ्रेनेलने जोडला. कड मध्ये आली की काही बिंदू झाकले जातात, आणि ते ज्यांना विरवत होते ते तरंग उरतात. फट अरुंद केली की प्रकाश जास्त फाकतो, हे मुलांना उलटं वाटतं. पण फट जितकी अरुंद, तितके विरवणारे शेजारी कमी.

आता केसाचंच बघा. केस, आणि केसाएवढीच रुंद फट. फट जेवढं सोडते नेमकं तेवढंच केस अडवतो, म्हणून दोघांचं मिळून होणारं काम अख्ख्या झोताएवढं. पण अख्खा झोत बाजूच्या अंधारात काहीच पाठवत नाही. मग त्या अंधारात केसामुळे आलेलं आणि फटीतून आलेलं यांची बेरीज शून्य व्हायलाच हवी. दोघांचे तरंग सारख्याच उंचीचे, फक्त एक सुलटा, एक उलटा. डोळ्याला उलटसुलट कळत नाही, उजेड तेवढा कळतो. म्हणून बाजूला पसरलेली माळ दोघांची सारखीच. हे तत्त्व बाबिने या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखलं जातं. इतक्या थोड्या वाक्यांत इतकं काही सांगणारा युक्तिवाद भौतिकशास्त्रात मला फार थोड्या ठिकाणी भेटला.

शेजारच्या खोलीतून मारलेली हाक दारातून वळून येते आणि हाक मारणारी आजी दिसत नाही, तेही अरुंद फटीतून जास्त फाकण्यामुळेच. सेकंदाला 340 कंपनांच्या आवाजाची तरंगलांबी मीटरभर, जवळपास दाराएवढी. प्रकाशाची अर्धा मायक्रॉन. त्याच्या दृष्टीने दार वीस लाख पट मोठं.

फ्रेनेल हा रस्ते आणि पूल बांधणारा इंजिनिअर. फ्रेंच अकादमीने विवर्तनावर स्पर्धा ठेवली तेव्हा 1818 मध्ये त्याने आपला निबंध पाठवला. परीक्षकांपैकी प्वासाँ प्रकाशाला कणांचा प्रवाह मानणारा. त्याने फ्रेनेलचंच गणित पुढे नेऊन दाखवलं, की हे खरं असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मध्यभागी लख्ख ठिपका दिसला पाहिजे. असं कुठे असतं का, हा त्याचा रोख. परीक्षकांतल्याच अरागोने प्रयोग करून पाहिला. ठिपका होता. 1819 मध्ये बक्षीस फ्रेनेलला मिळालं. मला प्वासाँबद्दलही आदर वाटतो. न पटणारं गणित त्याने शेवटच्या ओळीपर्यंत प्रामाणिकपणे सोडवलं. चकतीच्या कडेचा प्रत्येक बिंदू सावलीच्या केंद्रापासून सारख्याच अंतरावर असतो, म्हणून तिथे सगळे तरंग पावलाला पाऊल जुळवून पोहोचतात. सायकलचा छर्रा काचपट्टीवर चिकटवून मी तो ठिपका दरवर्षी दाखवते, आणि दरवर्षी कुणीतरी छर्ऱ्याला भोक आहे का हे तपासायला उठतं. मी तपासू देते.

फ्रेनेलच्याही आधी, फिलाडेल्फियात 1785 च्या सुमारास फ्रान्सिस हॉपकिन्सनने रेशमी रुमालातून रस्त्यावरचा दिवा पाहिला आणि त्याला दिसलेल्या रेघांचं कोडं डेव्हिड रिटनहाउसला घातलं. रिटनहाउसने ते सोडवायला चौकटीवर ओळीने ताणले ते केसच. तुमच्याकडे तलम रेशमी ओढणी असेल तर या दिवाळीत गच्चीवर जा, ती ताणून डोळ्यासमोर धरा आणि लांबचा एखादा बारीक पांढरा दिवा बघा. दिव्याभोवती ठिपक्यांची फुली उमटेल. प्रत्येक ठिपक्याची निळी कड दिव्याकडे, तांबडी बाहेर, कारण तांबड्याची तरंगलांबी मोठी, तो जास्त फाकतो. ओढणी हळूच फिरवा. फुलीही फिरेल.