चारच्या वर नाही!

पत्ते म्हटलं की काय आठवतं? मे महिन्याची सुट्टी, आजोळची ओसरी, बदाम सात आणि सत्त्या दाबून बसणारा एक टिपिकल मामेभाऊ. तिथला न्याय सोपा. बावन्न पत्ते सगळ्यांचे, वाटणी नशिबाची. 'मॅजिक: द गॅदरिंग'मध्ये मात्र प्रत्येकजण आपला गठ्ठा घरून घेऊन येतो. हो, घरून! २५ हजारांहून जास्त वेगवेगळ्या कार्डांतून निवडून, स्वतःच्या पैशाने विकत घेऊन. त्यामुळे पत्ते पिसायच्या आधीच पहिला प्रश्न येतो, तुझा डेक लीगल आहे का?

लीगल म्हणजे किमान ६० कार्डं आणि एकाच नावाची जास्तीत जास्त ४. सोबत १५ कार्डांपर्यंतचा साइडबोर्ड, दोन डावांच्या मध्ये अदलाबदल करायला. चारच्या मोजणीत तोही धरायचा. बेसिक लँड, म्हणजे मंत्रांना ताकद पुरवणाऱ्या साध्या जमिनी, हव्या तितक्या. (२००४ मधलं 'रिलेंटलेस रॅट्स' हे उंदराचं कार्डही हवं तितकं चालतं, कारण तसं त्याच्यावरच छापलंय. उंदरांना कोण आवरणार?)

१९९३ मध्ये रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने हा खेळ काढला तेव्हा चारची अट नव्हतीच. त्याचा अंदाज होता की लोक दोन-चार पाकिटं घेतील, दुर्मीळ कार्ड एखाद्याकडे एखादंच असेल. पण लोकांनी खोकीच्या खोकी उचलली! दुर्मीळपणाचा लगाम पैशापुढे टिकला नाही. मग १९९४ मध्ये स्पर्धांसाठी साठ आणि चारचे नियम आले, आणि 'ब्लॅक लोटस'सारखी जबरदस्त कार्डं डेकमध्ये एकच ठेवायची असं ठरलं. मला हा इतिहास जाम आवडतो. कारण उघड आहे, मी फ्रीलान्सर आहे. पेमेंट आलं की राणी, एरवी उधारी.

आमचा अड्डा कोथरूडच्या एका टू-बीएचकेत, दर शुक्रवारी. कॉलेजपासूनचे आम्ही पाच जण. त्यातला एक दोन वर्षांपूर्वी अमेरिकेहून परतला, तो अल्बम घेऊनच. त्यात चार 'अंडरग्राउंड सी'. एकाच जमिनीतून दोन रंगांची ताकद, तीही कुठलीही किंमत न मोजता. १९९६ मध्ये कंपनीने काही जुनी कार्डं पुन्हा छापणार नाही असं वचन दिलं, त्या यादीत हे आहे. त्यामुळे भाव पुण्यातल्या प्लॉटसारखा. एका कार्डात माझं दोन महिन्यांचं भाडं निघेल. आम्ही खेळायचो त्या 'लेगसी' प्रकारात ही कार्डं चालतात. चारची मर्यादा दोघांनाही सारखीच होती. त्याच्याकडे चार, माझ्याकडे शून्य. दोघंही कायद्यात!

"अगं, प्रिंटआउट काढ आणि स्लीव्हमध्ये घाल ना. इथे कोण बघतंय?" तो मनापासून म्हणाला. स्पर्धेत हे चालत नाही, घरी खुशाल चालतं. पण लहानपणी धाकट्यांना लिंबूटिंबू म्हणून खेळायला घेतात ना, आउट झालं तरी आउट नाही? अठ्ठाविसाव्या वर्षी ते कसं पचायचं? आणि चिडायचं तरी कुणावर? त्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं. पुढचे दोन शुक्रवार मी गेलेच नाही.

तिसऱ्या शुक्रवारी गेले ती अट घेऊनच. पॉपर खेळू या. पॉपर म्हणजे कंगाल. या प्रकारात फक्त 'कॉमन' दर्जाची कार्डं लीगल, पाकिटात ढिगाने निघणारी. कागदी पत्त्यांसाठी कंपनीने याचे अधिकृत नियम २०१९ मध्ये ठरवले. गंमत म्हणजे 'हिम टू टूराक' आणि 'सिंकहोल' ही कॉमन कार्डं त्याच वेळी बॅन झाली. स्वस्त असली म्हणून गरीब गाय थोडीच असतात?

"म्हणजे अख्खा अल्बम घरी ठेवायचा?" त्याने विचारलं.

"अख्खा."

तो जरा वेळ गप्प बसला. वाटलं, आता हाच यायचा बंद होणार.

पुढच्या शुक्रवारी आला, नवा डेक घेऊन. मी मोजला. साठ बरोबर. 'काउंटरस्पेल' चार, आणि पाचवं साइडबोर्डात! "काढ," मी म्हटलं. त्याने निमूट काढलं. तेवढ्यात एकाने उरलेली चार उजेडात धरली आणि ओरडला, "अरे, ही १९९३ ची आहेत, अनकॉमन!" खरं होतं. पण १९९५ च्या 'आइस एज' संचात हेच कार्ड कॉमन म्हणून आलं होतं. एकदा कॉमन छापलं गेलं की त्या नावाची कुठलीही छपाई चालते. म्हणजे त्याची महागडी चार आणि माझी चिल्लर किमतीची चार, दोन्ही लीगल, दोन्हींचं काम तेच.

पहिला डाव त्याने घेतला, दुसरा मी. तिसरा ऐन रंगात आला असताना साडेबारा वाजले आणि खालच्या काकूंनी बेल वाजवली.