तळ्याला वळसा

मोटारींच्या शर्यतींसाठी बांधलेले लंबगोल ट्रॅक वरून पाहिले, तर बहुतेकांची दोन्ही टोके सारखीच दिसतात. आराखडा काढणाऱ्याने अर्धा कागद रेखाटावा, घडी घालावी आणि उरलेला अर्धा छापून घ्यावा, इतकी सारखी. अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्यात डार्लिंग्टन गावाबाहेर असलेला ट्रॅक मात्र याला अपवाद आहे. त्याचे एक टोक ऐसपैस आणि दुसरे आवळलेले असल्यामुळे एकूण आकार अंड्यासारखा झाला आहे, आणि भूमितीची आवड असलेल्या माणसाला तो पाहताना कुठेतरी मोजमाप चुकल्याची शंका आल्यावाचून राहत नाही. मोजमाप चुकले नव्हते. तिथे तळे होते.

तळे शर्मन रॅम्सी या शेतकऱ्याचे होते आणि त्यात मिनो होते. मिनो म्हणजे बोटभर लांबीचे, मोठा मासा धरण्यासाठी गळाला आमिष म्हणून लावले जाणारे गोड्या पाण्यातले मासे. हॅरल्ड ब्रॅसिंग्टन हा त्याच भागातला, मातीकामाची यंत्रे बाळगणारा खटपट्या गृहस्थ १९३३ साली इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत पाहून आला होता, आणि असा भव्य ट्रॅक आपल्या गावी असावा हे खूळ नंतरची कित्येक वर्षे त्याच्या डोक्यातून गेले नव्हते. १९४९ मध्ये त्याने रॅम्सीची कापूस आणि भुईमूग पिकणारी सुमारे ७० एकर जमीन मिळवली, पण ती एका अटीवर, की मासे असलेल्या तळ्याला धक्का लागता कामा नये. ब्रॅसिंग्टनने शब्द पाळला, तळ्याकडचे टोक आत घेतले, आणि आपल्याच यंत्रांनी माती ओढून वर्षभराच्या आत डांबरी ट्रॅक उभा केला. गावातल्या लोकांनी त्याला वेड्यात काढले असे सांगतात, आणि त्या लोकांना दोष देणे कठीण आहे. ज्या काळात दक्षिणेतल्या मोटारशर्यती जत्रेच्या मैदानांतल्या अर्ध्या-पाऊण मैलाच्या कच्च्या वाटांवर होत, त्या काळात सव्वा मैलाचा पक्का ट्रॅक बांधणे हे शहाणपणाचे लक्षण समजले जाणे शक्य नव्हते.

या शर्यती ‘स्टॉक कार’च्या असत. स्टॉक कार म्हणजे मूळ कल्पनेनुसार कुणालाही दुकानातून विकत घेता येईल अशी, कारखान्यातून आली तशीच मोटार. पुढे हे ‘तशीच’ इतके पातळ होत गेले, की आजच्या स्टॉक कारचा रस्त्यावरच्या मोटारीशी संबंध नावापुरता आणि बाह्य आकारापुरता उरला आहे. चोरटी दारू पोलिसांच्या हाती न लागता पोचवणाऱ्या वेगवान चालकांपैकी काही जण या खेळाच्या सुरुवातीच्या काळात होते, हे खरे असले, तरी त्या गोष्टीला आता इतका मुलामा चढला आहे की तिच्यापाशी फार वेळ थांबू नये हे बरे. १९४८ मध्ये बिल फ्रान्स यांच्या पुढाकाराने ‘नॅसकार’ ही नियामक संस्था स्थापन झाली आणि तिच्या प्रमुख मालिकेची पहिली शर्यत १९४९ च्या जूनमध्ये शार्लट येथे झाली. ब्रॅसिंग्टनचा ट्रॅक तयार झाला तेव्हा ही मालिका जेमतेम सव्वा वर्षाची होती.

‘सदर्न ५००’ या नावाने आजवर ओळखली जाणारी डार्लिंग्टनची पहिली शर्यत ४ सप्टेंबर १९५० रोजी, सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या अमेरिकी कामगार दिनाला झाली. ट्रॅकला ४०० फेऱ्या, म्हणजे ५०० मैल, म्हणजे सुमारे ८०५ किलोमीटर. आणि सुरुवातीला उभ्या होत्या ७५ मोटारी, तिघी-तिघींच्या २५ रांगांत. एवढ्या गर्दीला त्या ट्रॅकवर एकत्र सोडण्याचा निर्णय कुणी आणि कोणत्या हिशेबाने घेतला असेल, याचे आज नवल वाटते, कारण सव्वा मैलाच्या वर्तुळात ७५ मोटारी म्हणजे सरासरीने दर २७ मीटरला एक. प्रेक्षक सुमारे २५,००० होते. कर्टिस टर्नरने पात्रता-फेरीत ताशी ८२ मैलांचा वेग नोंदवून पहिली जागा पटकावली होती, आणि सगळ्यांचे लक्ष त्याच्याकडे व कॅडिलॅक, ओल्डस्मोबील यांसारख्या दांडग्या इंजिनांच्या मोटारींकडे होते. जॉनी मँट्झ ज्या प्लिमथमध्ये बसला होता तिच्याकडे कुणी का पाहावे? तिचे सहा सिलिंडरचे इंजिन ९७ अश्वशक्तीचे होते, तिला ४३ व्या क्रमांकावर जागा मिळाली होती, आणि शर्यतीपूर्वीच्या दिवसांत ती गावात सामानसुमान आणायला वापरली जात होती असे सांगितले जाते.

शर्यत सुरू झाली आणि टायर फुटू लागले. कच्च्या मातीवर टायरला घसरण्याची मुभा असते. डांबर ती देत नाही, ते रबर खरवडून काढते. शिवाय बँकिंग, म्हणजे वळणावर ट्रॅकची बाहेरची कड उचलून ठेवलेला चढ, मोटारीला वेगात वळू देतो खरा, पण त्या वेगाचा सगळा भार बाहेरच्या बाजूच्या, विशेषतः उजव्या पुढच्या चाकावर आणून टाकतो. सप्टेंबरच्या उन्हात तापलेल्या डांबरावर, दीड-दीड टन वजनाच्या मोटारींखाली, रोजच्या वापराचे ते टायर काही फेऱ्यांतच सोलून निघत. रेड बायरनसारख्या कसलेल्या चालकाचेही दोन डझन टायर गेले असे म्हणतात. हा बायरन म्हणजे नॅसकारच्या मालिकेचा १९४९ चा विजेता, दुसऱ्या महायुद्धात विमानातून लढताना डावा पाय निकामी झाल्यानंतर, त्या पायाला आधार लावून क्लच दाबणारा. चमूंजवळचे टायर संपले तेव्हा मैदानाच्या मधल्या भागात उभ्या असलेल्या प्रेक्षकांच्या मोटारींची चाके काढून आणली गेली, ही कथा त्या दिवसाबद्दल नेहमी सांगितली जाते. तिच्यात अतिशयोक्ती असेल, पण तिकीट काढून शर्यत पाहायला आलेल्या माणसाने संध्याकाळी विटांवर टेकवलेल्या आपल्या मोटारीकडे पाहत उभे राहावे, हे चित्र इतके चोख आहे की ते खोटे ठरू नये असेच वाटते.

मँट्झ हा मूळचा इंडियानापोलिसच्या पठडीतला चालक होता, आणि पक्का ट्रॅक रबराचे काय करतो हे त्याला तिथल्या बहुतेकांपेक्षा चांगले ठाऊक होते. त्याने कठीण रबराचे टायर लावले होते. ट्रकचे टायर, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. कठीण रबराची पकड कमी, त्यामुळे वेग कमी. पण ते टिकते. प्लिमथ हलकी होती आणि तिच्या लहान इंजिनाला टायर जाळण्याइतका जोरच नव्हता. बाकीचे पुढे जात, थांबत, चाके बदलत, पुन्हा पुढे जात, पुन्हा थांबत; मँट्झ ट्रॅकच्या आतल्या कडेने एका लयीत फिरत राहिला, आणि ६ तास ३८ मिनिटांनी, ताशी सुमारे ७५ मैलांच्या सरासरीने, सर्वांच्या कित्येक फेऱ्या पुढे राहून जिंकला. दुसरा आला फायरबॉल रॉबर्ट्स, वय वर्षे २१, बायरन तिसरा. प्लिमथच्या मालकांत कर्टिस टर्नर आणि खुद्द नॅसकारचे बिल फ्रान्स यांची नावे होती. खेळ चालवणाऱ्यानेच जिंकणाऱ्या मोटारीत भागीदार असावे, याबद्दल त्या काळी जेवढी कुरकुर झाली त्याहून अधिक व्हायला हवी होती.

मोटारशर्यतीचे बहुतेक चाहते वेगासाठी वेडे असतात. पण या शर्यतीच्या इतिहासातले सर्वांत सुंदर यश तिथल्या सर्वांत मंद मोटारींपैकी एकीचे आहे. नंतरच्या काळात ट्रॅकची लांबी १.३६६ मैल झाली, फेऱ्या ३६७ झाल्या, वेग दुपटीहून अधिक वाढला, तरी डांबराची खोड कायम राहिली. तो भाग वाळूचा, त्यामुळे पृष्ठभाग सॅंडपेपरसारखा खरखरीत होतो आणि नव्या टायरची धार थोड्याच फेऱ्यांत जाते. त्यात तळ्याने दिलेला आकार. मोटारीचे स्प्रिंग आणि चाकांचा तोल ऐसपैस टोकासाठी जुळवावा तर ती आवळलेल्या टोकाला बिथरते, आणि उलट केले तर उलट घडते. त्यामुळे डार्लिंग्टनला कोणतीच मोटार पुरती जुळत नाही, आणि चालकाला दर फेरीत एकदा तरी अपुऱ्या साधनाने काम भागवावे लागते. वेगाची वाट बाहेरच्या भिंतीला अगदी लागून जाते. तिला चाटून गेलेल्या मोटारीच्या उजव्या अंगाचा रंग खरवडला जाऊन जो ओरखडा उमटतो, त्याला ‘डार्लिंग्टन स्ट्राइप’ म्हणतात, आणि अनुभवी चालक तो लपवत नाहीत. देशभर पुढे उभे राहिलेले दीड मैलाचे एकसारखे ट्रॅक यापुढे फार गुळगुळीत वाटतात.

मोटार या कडेपलीकडे गेली तर काय होते, याचे उत्तर १९६५ मध्ये मिळाले. केल यारबरोची मोटार कठड्यावरून उडून ट्रॅकच्या बाहेर जाऊन पडली आणि तो धडधाकट चालत परत आला. त्याच दिवशी ब्यूरेन स्कीन हा चालक मात्र अपघातात जबर जखमी झाला आणि पुढे दगावला. आणि नेड जॅरेट १४ फेऱ्यांच्या अंतराने जिंकला, जे अंतर, मैलांत मोजले तर, या मालिकेत अजून कुणी ओलांडलेले नाही. तीन गोष्टी एकाच दुपारी.

फेऱ्या त्या काळी माणसे हाताने मोजत. १९६२ ची सदर्न ५०० ज्युनियर जॉन्सनने जिंकली असे जाहीर झाले, सोहळाही झाला, आणि मग काही तासांच्या फेरतपासणीनंतर खरा विजेता लॅरी फ्रँक असल्याचे निघाले. पुढल्याच वर्षी, १ डिसेंबर १९६३ रोजी, फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल येथे वेंडेल स्कॉट जिंकला, तेव्हा विजेता म्हणून बक बेकरचे नाव पुकारले गेले; हा बेकर म्हणजे कारकिर्दीत एकंदर तीन सदर्न ५०० जिंकलेला नामांकित चालक. स्कॉट कृष्णवर्णीय होता, आणि गोऱ्यांच्या गर्दीसमोर त्याच्या हाती चषक देण्याची कुणाची तयारी नव्हती, असे त्याच्या बाजूचे म्हणणे. चूक नंतर मान्य झाली, पैसे मिळाले, चषक मिळाला नाही. नॅसकारने त्याच्या कुटुंबाला अधिकृत चषक दिला तो २०२१ मध्ये, स्कॉटच्या मृत्यूनंतर जवळपास ३१ वर्षांनी. मोजणीतल्या दोन चुका, आणि एक दुरुस्त व्हायला काही तास पुरतात तर दुसरी पुरती दुरुस्त व्हायला जवळपास ५८ वर्षे लागतात, यात आकडेमोडीचा दोष नाही. डार्लिंग्टनच्या विजयमंडपातही त्या दशकांत यादवी युद्धातल्या दक्षिणी सैनिकाच्या वेशातला माणूस बंडखोर राज्यांचा झेंडा फडकवत असे. १९५२ चा विजेता फाँटी फ्लॉक अर्ध्या विजारीत मोटारीवर चढून दक्षिणेचे गाणे म्हणू लागला, हा प्रसंग अजून विनोदी म्हणून सांगितला जातो. त्या झेंड्याला नॅसकारच्या मैदानांवर बंदी आली ती २०२० च्या जूनमध्ये.

शर्यतीच्या तारखेची कहाणी धंद्याची आहे आणि ती लवकर सांगून होते. रविवारी करमणुकीला धार्मिक वळणाच्या कायद्यांची आडकाठी असल्यामुळे १९८३ पर्यंत शर्यत सोमवारीच होई, १९८४ पासून रविवारी आली. १९८५ मध्ये बिल एलियटने येथे जिंकून, चार मोठ्या शर्यतींपैकी तीन जिंकणाऱ्यासाठी ठेवलेले १० लाख डॉलर घरी नेले. पुढे मोठ्या शहरांतल्या प्रेक्षकांच्या लोभाने कामगार दिनाचा मुहूर्त २००४ पासून कॅलिफोर्नियातल्या फाँटाना येथील दोन मैलांच्या प्रशस्त ट्रॅकला देण्यात आला. तो तिथे रुजला नाही, आणि २०१५ मध्ये डार्लिंग्टनला परत आला. फाँटानाचा तो ट्रॅक २०२३ च्या शर्यतीनंतर पाडला गेला.

चाकांचा विषय मात्र राहून गेला. १९७९ च्या एप्रिलमध्ये याच ट्रॅकवरच्या वसंतातल्या शर्यतीत डेव्हिड पिअर्सन पिटमध्ये, म्हणजे शर्यत चालू असताना इंधन भरून चाके बदलण्याच्या जागी, थांबला. वुड बंधूंच्या चमूला चारही चाके बदलायची होती. पिअर्सनला वाटले दोनच. उजवी झाली, डावीकडचे नट अजून आवळायचे होते, आणि तो सुटला. पिटच्या तोंडाशी डावीकडची दोन्ही चाके निघून आपल्या वाटेने गेली आणि मोटार एका अंगावर बसली. सात वर्षांची, अतिशय यशस्वी जोडी त्याच आठवड्यात फुटली. जुलैमध्ये डेल अर्नहार्ट हा पहिलेच पूर्ण वर्ष खेळणारा चालक पोकोनो येथे जखमी झाला, त्याची मोटार बदली म्हणून पिअर्सनला मिळाली, आणि सप्टेंबरमध्ये त्याने तिच्यातून सदर्न ५०० जिंकली. डार्लिंग्टनला त्याचे एकंदर १० विजय आहेत. इतके कुणाचेच नाहीत. तेव्हा प्रत्येक चाकाला पाच नट असत. २०२२ पासून नव्या बनावटीच्या मोटारीत चाकाच्या मधोमध एकच मोठा नट आला, काम सोपे होईल असे वाटले, आणि पहिल्याच हंगामात इतकी चाके निसटली की नॅसकारला चमूंच्या प्रमुखांना चार-चार शर्यतींसाठी घरी बसवावे लागले.